फटीचे पैसे

गच्चीच्या कामाच्या कोटेशनमध्ये एक ओळ अशी असते, की ती वाचून भल्या माणसाचंही डोकं फिरतं. जुना कोबा तोडणे, राडारोडा खाली उतरवणे, नवीन कोबा करणे, ढाळ काढणे, टाइल्स बसवणे, इथपर्यंत सगळं समजतं. तोडायला माणसं लागतात, राडारोड्याला गोण्या आणि टेम्पो लागतो, टाइल्स तर खोके उघडून मोजून घेता येतात. मग ती ओळ येते : 'कठड्यालगत चारही बाजूंनी १० मिलीमीटर गॅप ठेवणे.' आणि तिच्यापुढे रनिंग मीटरचा दर!

आमच्या सोसायटीच्या सभेत खजिनदारांनी ही ओळ वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. "म्हणजे तिथे हे लोक काहीच करणार नाहीत, आणि त्याचे पैसे आपण द्यायचे?"

सभा पुण्यातली असल्यामुळे प्रश्नाला लगेच फांद्या फुटल्या. एक जण म्हणाले, नुसती जागा मोकळी ठेवायला बाहेरचा माणूस कशाला, ती आपली आपण ठेवू. सी.ए. असलेल्या वहिनींनी वेगळाच मुद्दा काढला. जिथे गॅप आहे तिथे टाइल नाही, मग तेवढ्या टाइलचे पैसे वजा व्हायला हवेत, ते कागदावर कुठे आहेत? गच्ची २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, घेर ६४ मीटर. त्याला १० मिलीमीटरने गुणलं की ०.६४ चौरस मीटर. "म्हणजे जवळजवळ सात चौरस फूट! पुण्यात सात चौरस फुटांना आज काय भाव आहे, माहीत आहे ना?" सगळ्यांना माहीत होतं. सभा क्षणभर हळहळली.

ठेकेदाराचा तरुण इंजिनिअर आतापर्यंत कोपऱ्यात चहा पीत उभा होता. तो म्हणाला, "ती जागा टाइल्सना वाढायला आहे, सर."

"टाइल्स वाढतात?"

"हो. उन्हाळ्यात."

"मग थोड्या कमीच घ्या," मागून आवाज आला, "मेपर्यंत पुरतील."

वास्तविक हे ज्ञान त्या सभेतल्या प्रत्येकाने शाळेत एकदा तरी लिहून गुण मिळवलेले आहेत. 'उष्णता दिली असता पदार्थ प्रसरण पावतात.' शेजारी साखळीला टांगलेला धातूचा गोळा आणि एक कडं. गोळा थंड असताना कड्यातून आरपार जातो, तापवला की अडकतो. आकृती पेन्सिलीने काढायची, नावं उजव्या बाजूला द्यायची. परीक्षा झाली आणि आपण तो गोळा त्या कड्यातच अडकवून पुढच्या वर्गात गेलो. नंतर गच्च्या बांधल्या, त्यांवर कर्जं काढली, पण गोळ्याची आठवण काही झाली नाही.

लोहाराने हा पेपर कधी लिहिला नव्हता, पण त्याला तो पाठ होता. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची, तर तो ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहानच करायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लालभडक तापवायची, दोघा-तिघांनी सांडशीने उचलून चाकावर ठोकून बसवायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत वरून पाणी ओतायचं. चरचर आवाज करत धाव अशी आवळली जायची, की पुढे दगडधोंड्यांतून गाडी कितीही आपटली तरी ती जागची हलत नसे. लोखंड किती वाढतं हे त्याला आकड्यांत कुणी विचारलं नाही आणि त्याच्या कोटेशनवर कुणी सभाही घेतली नाही.

सुताराचं नशीब एवढं चांगलं नाही. जुलैत दार फुगून चौकटीत अडकतं, तेव्हा आपण त्याला बोलावतो आणि तो रंधा मारून देतो. दार एका बोटाने लागायला लागतं, आपण खूश. जानेवारीत त्याच दाराच्या कडेने गार वारा शीळ घालत आत येतो आणि आपण सुताराला नावं ठेवतो. लाकूड ओलाव्याने फुगतं आणि फुगतं तेही आडवं. तंतूंच्या लांबीत त्याला जवळजवळ काही होत नाही. चांगला सुतार म्हणूनच पावसाळ्यात रंधा हात राखून मारतो. पण हात राखून काम केलं, की आपण म्हणतो, पुन्हा बोलवायला लावायची युक्ती आहे.

काँक्रीटचं मात्र फुगणं-आकसणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. हिशेब साधा आहे. काँक्रीट एका मीटरमागे, एका अंशाला, मिलीमीटरच्या साधारण शंभराव्या भागाइतकं वाढतं. एवढंसं ऐकून कुणीही जांभई देईल. पण गच्ची २० मीटर लांब. पहाटे ती वीस अंशांवर असते आणि मे महिन्यात हवेत चाळीस असताना दुपारी तिचा पृष्ठभाग साठीच्या घरात जातो. (वाळत घातलेल्या कुरडया काढायला जो अनवाणी वर गेला आहे, त्याला थर्मामीटर दाखवायची गरज नाही.) चाळीस अंशांचा फरक धरला, तर आठ मिलीमीटर झाले. व्हिट्रिफाइड टाइल जरा संयमी. ती त्याच अंतरात पाचेक मिलीमीटर वाढते. शिवाय वरच्या टाइल्स साठ अंशांवर भाजत असताना स्लॅबच्या खालच्या अंगाला चौथ्या मजल्यावरचा पंखा गरगरतो आहे. म्हणजे वरच्याला पसरायचं आहे, खालच्याला तेवढं नाही, आणि दोघांना सिमेंटने एकमेकांशी बांधून टाकलेलं आहे. मग चार वाजता आभाळ भरून येतं, वळवाची सर कोसळते आणि तापलेली गच्ची काही मिनिटांत निवते. खाली आपण मातीच्या वासाचं कौतुक करत असतो, वर टाइल्सच्या जिवावर बेतलेलं असतं.

या विषयाचं प्रात्यक्षिक आमच्या गच्चीवर मागच्याच टाइल्सच्या वेळी होऊन गेलं होतं. तेव्हाच्या ठेकेदाराने टाइल्स या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत नखही जाणार नाही अशा घट्ट बसवल्या होत्या. अध्यक्षांनी खरोखरच नख घालून पाहिलं, ते गेलं नाही, आणि त्यांनी जागच्या जागी चेक दिला. 'काय फिनिशिंग आहे!' असं जो तो म्हणत होता. त्या कोजागरीला पाहुण्यांना दूध देण्याआधी गच्ची दाखवली गेली.

पुढच्या एप्रिलमध्ये एका दुपारी वरून 'धाड्' असा आवाज झाला. तिसऱ्या मजल्यावर कुणाला तरी गॅसच्या सिलिंडरचा संशय आला, त्यांनी मेन स्विच बंद केला. वॉचमन धावला, पण गेटच्या दिशेने. धीर करून चार-पाच जण वर गेले, तर गच्चीच्या मधोमध टाइल्सच्या दोन ओळी जमीन सोडून, एकमेकींना डोकी टेकवून उभ्या! बाकी सगळं जागच्या जागी. फिनिशिंगही तसंच.

तिथे उभ्या उभ्या जी कारणमीमांसा झाली ती ऐकण्यासारखी होती. कुणी म्हणालं, मेट्रोचं खोदकाम, जे आमच्यापासून काही किलोमीटरवर होतं. कुणी म्हणालं, संक्रांतीला पोरं पतंग उडवताना नाचली होती, त्याचा परिणाम. पण संक्रांत होऊन तीन महिने झाले होते. एकांनी होकायंत्राचं ॲप काढून पाण्याची टाकी चुकीच्या दिशेला असल्याचं निदान केलं. दुसऱ्या मजल्यावर राहणारे गणिताचे निवृत्त शिक्षक मात्र काही न बोलता गुडघ्यावर बसले आणि पट्टी लावून उंची मोजू लागले. साडेपाच सेंटिमीटर.

मग सरांनी सभेच्या जुन्या नोटिशीच्या पाठीवर काटकोन त्रिकोण काढला. टाइल ६० सेंटिमीटरची. दोन टाइल्सना मिळून १२० सेंटिमीटर जागा हवी. बाकीच्या टाइल्स मिळून पाच मिलीमीटर वाढल्या आणि कडेला सरकायला जागा नाही, म्हणून या दोघींच्या वाट्याला राहिले ११९.५ सेंटिमीटर. प्रत्येकीला ५९.७५. आता कर्ण ६०, पाया ५९.७५, उंची किती? साठचा वर्ग ३६००, वजा ३५७०.०६, बाकीचं वर्गमूळ ५.४७. "पायथागोरस," सर म्हणाले आणि त्यांनी पट्टी खिशात ठेवली.

पाच मिलीमीटर जागा नाकारली आणि गच्चीने पंचावन्न मिलीमीटर वसूल केली. अकरापट. इतकं व्याज गल्लीतला सावकारही लावत नाही. पण सर पडले भाडेकरू. सभेत त्यांना मत नाही, त्यामुळे पायथागोरसलाही नाही. इतिवृत्तात 'टाइल्स निकृष्ट दर्जाच्या निघाल्या' अशी नोंद झाली, आणि म्हणूनच या खेपेला आम्ही पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन बसलो होतो.

सभेत यानंतर एक बिनतोड वाटणारा मुद्दा आला. "अहो, रेल्वेने रुळांमधल्या फटी काढून टाकल्या. पूर्वी कशी खडखड व्हायची, आता होते का? मग चाळीस अंशांत रूळ वाढत नाहीत आणि आमच्या टाइल्सच वाढतात?" टाळ्या पडल्या. ठेकेदाराच्या इंजिनिअरने चहाचा कप खाली ठेवला. पण उत्तर आलं ते रेल्वेतून पी.डब्ल्यू.आय., म्हणजे रुळांचे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या काकांकडून. फटी काढल्या हे खरं, ते म्हणाले, हल्ली रूळ लांबच्या लांब वेल्डिंग करून टाकतात. पण त्या रुळाला स्लीपरने जखडलेलं असतं आणि स्लीपरला खडीने. मधल्या भागाला हलताच येत नाही, तो सगळा ताण पोटात घेतो, आणि टोकांना सरकायची सोय मुद्दाम ठेवलेली असते. एवढं करूनही उन्हाळ्यात भर दुपारी गँगमन रूळ न्याहाळत पायी फिरतात, कारण जखड थोडी जरी ढिली पडली तरी रूळ वाकडा होतो. "तुमच्या टाइल्सवर दुपारी बारा ते चार गस्त कोण घालणार?"

सेक्रेटरींनी लिहून घेतलं : 'गस्त – वॉचमनशी बोलणे.'

अखेर तडजोड झाली. तीन बाजूंच्या गॅपचे पैसे द्यायचे आणि चौथ्या बाजूची गॅप ठेकेदाराने सद्भावना म्हणून ठेवायची. तो लगेच तयार झाला. त्याच्या एकूण मालात तेवढा एकच माल असा होता की तो फुकट देणं त्याला परवडत होतं.

कोटेशन मंजूर झालं म्हणजे फट पडली, असं ज्याला वाटतं त्याने गवंडी पाहिलेला नाही. गवंड्याचा सगळा जन्म फटी बुजवण्यात जातो. पहिल्याच दिवशी वस्तादाने थापी हातात देऊन सांगितलेलं असतं, पोकळ काही राहता कामा नये. त्याला कुणी येऊन म्हणतं, इथे बोटभर मोकळं सोड! तो मान हलवतो, कारण साहेबापुढे मान हलवायची असते. कठड्यालगत थर्माकोलची पट्टी उभी करून तिच्यापासून टाइल्स सुरू करतो. सगळं अगदी शास्त्रशुद्ध. संध्याकाळी पाच वाजता घमेल्यात थोडा माल उरतो. आता सिमेंटचा कालवलेला माल टाकून देणं हे त्याच्या लेखी ताटातला भात टाकण्याइतकंच पाप. तो इकडे बघतो, तिकडे बघतो, पट्टी हळूच उपसतो आणि थापीच्या एका लांब सफाईदार हाताने सगळी फट भरून टाकतो. वर ओल्या पोत्याने पुसून कठड्याला असा गोल वाटा काढून देतो, की पाहणाऱ्याने पाहत राहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर ग्राइंडर घेऊन तो वाटा कापत होता आणि मिस्त्री शेजारी तोंड पाडून उभा होता. "उघडं बरं दिसत नाही हो, साहेब. लोक म्हणतील, काम अर्धवट टाकून गेला." हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लोक तेच म्हणत होते. बुजवलेल्या फटीचं कौतुक करणारे आणि उघड्या फटीकडे बघून 'इथे राहिलंय बघा' असं बोट दाखवणारे आम्हीच. वाटा हवाच, पण तो खाली, वॉटरप्रूफिंगच्या थराला, स्लॅब कठड्याला भेटतो तिथे. वरच्या टाइल्सच्या आणि त्यांच्याखालच्या मालाच्या पूर्ण जाडीतून फट आरपार जायला हवी. वरून फट आणि खाली सिमेंट भरलेलं असेल, तर ती फक्त नकाशात दाखवायला बरी. आणि गच्ची मोठी असली तर नुसती कडेची फटही पुरत नाही. उन्हातल्या टाइल्सना मध्येही दर अडीच-तीन मीटरवर एक मऊ सांधा लागतो. हे इंजिनिअरने खाजगीत सांगितलं. सभेत सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

फट उघडीही सोडायची नसते, हा यातला पुढचा पेच. तिच्यात आधी फोमची गोल दोरी दाबून बसवायची आणि वर सिलंट भरायचा, म्हणजे पाणी आत जात नाही आणि टाइल्सना सरकताही येतं. सिलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी. आता त्या दोरीचं काम काय? तर सिलंटने डावीकडच्या टाइलला आणि उजवीकडच्या कठड्याला घट्ट धरायचं, पण तळाला चिकटायचं नाही. तळालाही चिकटला, की दोन्ही बाजू दूर सरल्यावर त्याला ताणता येत नाही आणि तो मधोमध फाटतो. दोन्ही बाजूंना सांभाळून घ्यायचं, पण बसल्या जागेला चिकटून राहायचं नाही, हे ऐकताना सभेतले सगळे जण अध्यक्षांकडे बघायला लागले. त्यांनी ते तांत्रिक माहिती म्हणून वहीत टिपून घेतलं. नंतर सिलंटचा रंग ठरवायला व्हॉट्सॲपवर मतदान झालं. करड्याला बहुमत मिळालं. वाढदिवसाच्या शुभेच्छा सोडल्या तर ग्रुपवर इतकं एकमत कधी झालेलं नव्हतं.

पण सिलंट यायला दोन दिवस होते, आणि तेवढ्यात व्हाइट सिमेंटवाले काका जागे झाले.

प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतात. त्यांच्या बाल्कनीत एका जुन्या दुधाच्या पावडरच्या डब्यात किलोभर व्हाइट सिमेंट असतं आणि जगातली कुठलीही चीर त्यांना बघवत नाही. बेसिनची, संडासाची, खिडकीच्या चौकटीची, शेजाऱ्याच्या भिंतीची. कठड्यालगत ६४ मीटर लांब, सलग, कोरी करकरीत फट म्हणजे त्यांना पर्वणीच! पहाटे फिरायला जायच्या ऐवजी ते वर गेले आणि जुन्या चमच्याने पूर्वेची अख्खी बाजू भरून आले. ग्रुपवर फोटो टाकला : 'थोडेसे श्रमदान.' खाली अंगठे आणि नमस्कार. कुणी तरी गुलाबाच्या चित्रावर 'नात्यांमध्येही थोडी मोकळी जागा ठेवा' असा सुविचार त्याच सकाळी पाठवला होता. त्याखाली इंजिनिअरने पहिल्यांदाच ग्रुपवर लिहिलं, "आधी गच्चीत ठेवा."

काकांचा राग येत नाही, कारण निसर्गही तेच करतो. जुन्या गच्चीची कड एकदा उकरून बघा. आमची उकरली तेव्हा त्यातून निघालं ते असं : मांजाचे गुंते, कबुतरांची पिसं, कपड्यांचे तुटके चिमटे, शेंगांची टरफलं, एक कॅरमची सोंगटी, आणि जुन्या सांडग्यांपैकी दोन, अजून कडक. या सगळ्याची मिळून इतकी घट्ट खिचडी होते, की टाइल्सच्या दृष्टीने ती सिमेंटहून वेगळी नसते. फट दिसते, पण असत नाही.

आणि मग आयत्या बिळावर नागोबा. तिथे पिंपळ येतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं, फटीत ओल असते, धूळ असते, मे महिना तो कसाबसा काढतो आणि जुलैत दोन तांबूस पानं हलवत उभा राहतो. तेव्हाच उपटला तर दोन बोटांचं काम. पण पिंपळ कोण उपटणार? वॉचमन म्हणतो, साहेब, मी नाही. कामवाल्या मावशी म्हणतात, मुंजा असतो त्यात. अध्यक्ष विज्ञाननिष्ठ आहेत, पण त्यांच्या घरी लग्नकार्य आहे. असा ठराव दोन पावसाळे पुढे ढकलला जातो. तोवर मूळ कोब्यात शिरून वॉटरप्रूफिंग फोडून खाली गेलेलं असतं. शेवटी गुरुजींना विचारून, हात जोडून, ते रोप नदीकाठी लावायला नेलं जातं. मूळ राहतं गच्चीतच, त्यामुळे पुढच्या जुलैत मुंजाही हजर होतो.

पाणी आत शिरलं, की पुढचा मामला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा. कठड्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात आत गेलेलं पाणी स्लॅबच्या ढाळाने, पाइपांच्या कडेने हिंडत हिंडत पूर्वेकडच्या बेडरूममध्ये पंख्याच्या हुकाशी टपकतं. मग पूर्वेची गच्ची तोडली जाते. ती कोरडी निघते. तेव्हा पाण्याच्या टाकीवर आळ येतो. तळमजल्यावरचे सभासद सांगतात, आम्ही गच्चीवर पाऊलही टाकत नाही, मग वर्गणी का द्यायची? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये देऊन ठेवलेलं आहे. पावसाचं पाणी गच्चीतून गळून वरच्या मजल्यावरच्या घराचं छत, त्याचं प्लॅस्टर खराब झालं, तर दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरने निस्तरायचा. पोपडे मात्र बहुतेक ठिकाणी सहाव्या वर्षी सुटायला लागतात. ठेकेदाराची दहा वर्षांची गॅरंटी असते ती वेगळीच. ती स्टँप पेपरवर असते आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून हा कागद शंभराऐवजी पाचशेचा झाल्यामुळे आता ती जास्त भक्कम वाटते.

नव्या उंच इमारतींत गच्चीपेक्षा पोडियमचं प्रस्थ जास्त. खाली दोन-तीन मजले पार्किंग, वर हिरवळ, घसरगुंडी आणि ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा. अशा लांबलचक स्लॅबला फट टाळताच येत नाही. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आय.एस. ४५६ मध्ये, ४५ मीटरहून लांब बांधकामाला साधारणपणे प्रसरणाचा सांधा द्यावा असं सांगितलं आहे. इमारतीतल्या सांध्यांसाठी तर १९६८ सालापासून वेगळं मानकच आहे. तेव्हा ती फट असते, पण तिच्यावर ॲल्युमिनियमची पट्टी ठोकून तिला लपवलेलं असतं. पट्टीचे स्क्रू पहिल्या वर्षात ढिले होतात. मग प्रत्येक सायकलीगणिक 'खडक'. रात्री दहानंतर कोण फेऱ्या मारतंय, हे अकराव्या मजल्यावर कळतं. खाली पार्किंगमध्ये या फटीच्या बरोब्बर खाली ज्याची जागा, त्याच्या गाडीच्या टपावर पावसाळाभर थेंब पडतात. ते पाणी काँक्रीटमधला चुना घेऊन येतं आणि पांढरे डाग पाडतं. ते घासून जात नाहीत, रंगच खातात. गाडीवाला तक्रार करतो, तेव्हा त्याला गाडीवर कव्हर घालायचा सल्ला मिळतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

आमच्याच इमारतीत ज्यांचा स्वतंत्र टेरेस फ्लॅट आहे, त्यांनी मध्यंतरी टेरेसवर लाकडासारख्या दिसणाऱ्या डब्ल्यू.पी.सी.च्या फळ्यांचा डेक करून घेतला. प्लॅस्टिक आणि लाकडाच्या भुशाच्या या फळ्या लाकडाच्या नेमक्या उलट वागतात. उन्हात त्या लांबीला चांगल्या वाढतात, लाकडापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून भिंतीशी आणि दोन फळ्यांच्या टोकांमध्ये जागा सोडायची असते. ती सोडली नव्हती, कारण वहिनींना फटीत झुरळं होतात अशी भीती. मे महिन्यात फळ्या कमानीसारख्या उठल्या. तेव्हापासून पाहुण्यांना खुर्ची कुठे ठेवायची ते हात धरून दाखवावं लागतं. झुरळं आता कमानीखाली ऐसपैस राहतात.

या खेपेची आमची गच्ची पुरी झाली आहे. फट चारही बाजूंनी सिमेंटविना मोकळी आहे, तिच्यात करडा सिलंट भरलेला आहे, आणि एक उन्हाळा तिने आवाज न करता काढला. याचं श्रेय सभेत टाइल्सच्या कंपनीला देण्यात आलं.

तुमच्या गच्चीचं काम चालू असेल, तर दुपारी नका जाऊ, संध्याकाळी पाचनंतर वर जा. घमेल्यात माल उरला असेल तर मिस्त्रीला चहाला खाली घेऊन या. काम होऊन गेलं असेल, तर पावसाच्या आधी एकदा कठड्याच्या कडेने वाकून फेरी मारा. फटीत कचरा दिसला तर काढा, पिंपळ दिसला तर दोन पानांचा असतानाच काढा, सिलंट फाटलेला दिसला तर तेवढाच बदलून घ्या; गच्ची तोडण्यापुढे तो खर्च काहीच नाही. आणि फट कुणीतरी पांढऱ्याशुभ्र मालाने नीट लिंपून टाकलेली दिसली, तर भांडू नका. डबा कुणाच्या बाल्कनीत आहे ते शोधा आणि तो चहाच्या निमित्ताने घरी घेऊन या.